दुपारचा पहारा

"काकांचा पहारा चुकणार नाही. मी आहे ना," असं विनेश वाडीतल्या सगळ्यांसमोर छातीवर हात मारून बोलून बसला, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

धर्माजीकाका अंथरुणाला खिळले होते. दिवाळीच्या तोंडावर झटका आला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. उरला तो डावा हात, आणि त्यातही धड चालायचा तो अंगठा. अलिबागच्या डॉक्टरांनी विनेशला बाजूला घेऊन सांगितलं, "जे खायला मागतील ते द्या." याचा अर्थ विनेशच्या डोक्यात शिरला तेव्हा गाडी नागावात पोचली होती.

पण काकांना खायला काहीच नको होतं. माघातला सप्ताह जवळ आला होता. सात दिवस देवळात अखंड नाम चालायचं, आणि वीणा कशी ती जमिनीला टेकायची नाही. पहारा संपला की दुसऱ्याने पाया पडून तुमच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घ्यायची, तुम्ही त्याच्या पाया पडायचं, मग घरी जायचं. कोणी आलंच नाही, तर उभं राहायचं. दुपारचा पहारा कोणालाच नको असतो. पोटात सप्ताहाचं जेवण, वर पत्रा तापलेला, डोळे मिटतात. तो पहारा काकांनी उभा जन्म केला. आता ते भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि डोळ्यांतून पाणी वाहायचं. "औंदा चुकला," एवढंच बोलायचे.

काकांना मूलबाळ नव्हतं. आईबापाविना राहिलेल्या विनेशला त्यांनी आणि रंगूकाकीने वाढवलं होतं. विनेश आता कंपनीत मेंटेनन्सला होता, पण त्याचा जीव अडकला होता तो लहानपणच्या व्हिडिओगेममध्ये. टीव्हीला लावायचा, कॅसेट खुपसायचा तो. आज तो भंगारवालाही फुकट नेत नाही. विनेश त्याच्यासाठी लॅपटॉपवर नवे गेम लिहायचा, चिपमध्ये भरायचा आणि चिप जुन्या कॅसेटच्या पोटात डकवायचा. जगात असे आणखी काही वेडे आहेत म्हणतात, आणि ते इंटरनेटवर एकमेकांची पाठ थोपटतात. घरात पाठ थोपटणारं कोणी नव्हतं. "मेलेल्या म्हशीची धार काढायला बसलेत," असं त्याची बायको सुचिता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

तर या विनेशने काकांसाठी वीणेचा गेम केला. पडद्यावर देऊळ, देवळात वीणेकरी. टाळाच्या ठेक्यावर बटण दाबलं की तो एक पाऊल टाकतो. ठेका चुकला की वीणा खाली झुकते. चुकतच गेलं तर वीणा टेकते आणि पडदा काळा होतो. त्या चिपमध्ये जागा इतकी अपुरी की वीणेकऱ्याला धोतर द्यायचं की फेटा, यातलं एकच जमलं. विनेशने लाजेखातर धोतर दिलं. विठोबा टपालपेटीसारखा दिसत होता. 'रामकृष्णहरी'चा गजर सर्दी झालेल्या डासाने धरावा तसा वाजायचा. आणि शेवट करायला जागाच उरली नाही, म्हणून गेमला शेवट नव्हता. मध्ये थांबायची सोय त्याने मुद्दाम ठेवली नाही. वीणा थांबते का कुठे?

सप्ताहाच्या पहिल्या दुपारी काकांना तक्क्याला टेकवून बसवलं, कपाळाला बुक्का लावला, डाव्या हातात गेमचा वायरवाला रिमोट दिला. अंगठा हलला. वीणेकऱ्याने पाऊल टाकलं. काकांचा चेहरा असा उजळला की रंगूकाकीने पदर तोंडात धरला. खोटं कशाला सांगा, त्या दुपारी त्या खोलीत देव होता.

काकांचा पहारा संपला. "काका, द्या आता, बंद करतो," विनेश म्हणाला.

काकांनी नाही म्हणून मान हलवली. "घे."

"काय घेऊ?"

"पाया पडून घे."

आता विनेशच्या लक्षात आलं. काकांच्या हातात रिमोट नव्हताच. वीणा होती, आणि ती घ्यायला कोणीतरी यायला हवं होतं. बंद केली तर टेकणार. विनेश पाया पडला आणि अंगठ्याखालून अंगठा सरकवून रिमोट घेतला. मग तो सुचिताला हाका मारू लागला.

"मी? माझी भाकरी तव्यावर आहे."

"भाकरी जळू दे. काका बघतायत."

काका खरंच बघत होते. सुचिताने घेतला. तिच्याकडून रंगूकाकीने घेतला, आणि रीतीप्रमाणे चुलतसासू सुनेच्या पाया पडली. "येवढंच बघायचं ऱ्हायलं व्हतं," काकी वाकता वाकता म्हणाली. सुचिताने मात्र आशीर्वाद अगदी मनापासून दिला.

दुसऱ्या दिवशी वाडीला कळलं. बायका हळदकुंकू घेऊन आल्या, टीव्हीला हार पडला. तिसऱ्या दिवसापासून देवळातले पहारेकरी इकडे वळू लागले. इथे पंखा होता, बसायला गादी होती, चहा होता. किहीमच्या एका होमस्टेवाल्याने आपले पाहुणे पाठवले. त्यांतल्या एकाने अर्ध्या तासाचा रेट विचारला. आणि तिकडे देवळात सप्ताहाचे प्रमुख हिरामणबुवा गळ्यात वीणा घालून एकटेच उभे. घ्यायला कोणीच येईना. पहारे उलटले, बुवांचे पाय खांबासारखे सुजले. शेवटी कीर्तनकारांच्या मृदंगवाल्याला दया आली, तेव्हा कुठे बुवा सुटले. सुटले ते लंगडत तडक विनेशच्या दारात.

"बंद कर ह्यो पोरखेळ."

"बुवा, काकांचा पहारा आहे."

"बसून पहारा? प्लास्टिकची वीणा? मांजराच्या गळ्यात माळ घातली तर वारकरी होतो काय रं त्यो?"

"पण बुवा, बंद केली तर..."

"तर काय?"

विनेशने आत बोट दाखवलं. काका जेवत होते. आठवडाभर चमचाभर पेजेवर असलेला माणूस वरणभात जेवत होता. बुवांनी क्षणभर पाहिलं, आणि कडू औषध गिळावं तसा चेहरा करून निघून गेले. "या घरची पायरी चढणार न्हाय," हे मात्र ते आळीभर ऐकू जाईल असं बोलले.

देवळात काल्याचं कीर्तन झालं, दहीहंडी फुटली, वीणा रीतसर उतरली. विनेशच्या गेमला काला नव्हता. शेवट असलेली नवी चिप घालायची तर यंत्र बंद करावं लागणार, आणि बंद केलं की वीणा टेकणार. महाप्रसाद संपताच वाडीतली माणसं पांगली. पाहुणेही पांगले. उरले विनेश, सुचिता आणि काकी. विनेशची रजा संपली, मग बिनपगारी रजा संपली, मग कंपनीचे फोन यायचे थांबले. सुचिता उभ्याने डुलक्या काढायची. काकी देवासमोर दिवा लावायचा सोडून टीव्हीसमोर लावू लागली. तिघांची तोंडं स्मशानातून परत आल्यासारखी झाली. काका रोज दुपारी आपला पहारा करायचे आणि तृप्त झोपायचे. बंद करूया, असं म्हणायची हिंमत कोणाची होणार?

शेवटी एका दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टरने तारून नेलं. पण लाइट परत आली ती अशी आली की पंखा विमानासारखा घरघरला, व्हिडिओगेममधून चर्र आवाज झाला आणि निळसर धूर निघाला. पडदा काळा पडला.

पहारा काकांचा होता.

 विनेशने तोंड उघडलं, तशी काकीने त्याचं मनगट आवळलं. "गप ऱ्हा. कोणी काय बोलायचं न्हाय."

काका काळ्या पडद्याकडे बघत होते. अंगठा थांबला नव्हता. दाब, सोड, दाब, सोड. टाळ वाजत नव्हते, तरी ठेका चुकत नव्हता.  पहारा भरला तशी काकी उठली, नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि अंगठ्याखालून अंगठा सरकवून रिमोट घेतला.

"टेकली न्हाय ना?" काकांनी विचारलं.

"न्हाय ओ. चाललीय."

काकांनी डोळे मिटले. नेहमीसारखेच मिटले, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. सुचिता चहा घेऊन आली तेव्हा कळलं.

विनेश ओक्साबोक्शी रडला, सुचिता रडली. काकी तशीच बसून होती, अंगठा चालू. "काकी, ठेव आता तो," विनेश म्हणाला.

"ठेवू कशी? त्यांनी माझ्या हातात दिलीय."

"मग मला दे."

"तुला सुतक लागलं. वीणा घेशील?"

सुतक काकीलाही लागलं होतं, पण तिच्या हातात ती आधीच आली होती. दारात जमलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. वाडी सगळी एकाच भावकीची, सुतक सगळ्यांनाच. काल वीणा म्हणणारे आज प्लास्टिक म्हणू लागले, आणि प्लास्टिक म्हणणारे म्हणाले, वीणा टेकवून मड्याला खांदा कसा द्यायचा? तिरडी बांधून झाली. गेलेल्याच्या बायकोला रडायला हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. लंगडत लंगडत हिरामणबुवा आले. बुवा मूळचे माणगावकडचे, आडनाव वेगळं, भावकीतले नव्हते. आता हे काय बोलतात म्हणून सगळ्यांनी माना खाली घातल्या.

बुवा काकीसमोर उभे राहिले. तिला न शिवता जमिनीला डोकं टेकून नमस्कार केला. तुळशीचं पान मागवून रिमोटवर ठेवलं, वर पाणी शिंपडलं. जळालेल्या यंत्राला आता पाण्याची भीती नव्हती. मग काकीने वायरीला धरून रिमोट पुढे केला, बुवांनी तो हवेतच झेलला आणि त्यांचा अंगठा ठेक्यावर सुरू झाला.

"वहिनी," बुवा म्हणाले, "आता तुम्ही रडा."

काकीने असा हंबरडा फोडला की वाडीतली कुत्रीही गप्प झाली.

काकांना समुद्राकडच्या स्मशानात पोचवून, आंघोळी करून मंडळी परत आली तेव्हा दिवेलागण झाली होती. बुवा खुर्चीत ताठ बसले होते. समोर काळा पडदा, हातात रिमोट, अंगठा चालू.

"झालं सगळं नीट?" मान न वळवता त्यांनी विचारलं.

"झालं, बुवा," विनेश म्हणाला. "तुमचे उपकार..."

"उपकार ऱ्हाऊ दे. पाय लय दुखतात. आता पुढं या कोणीतरी, घ्या."

कोणी पुढे आलं नाही. ओल्या अंगाने सगळी भावकी दारात उभी होती. दहाव्यापर्यंत त्यातला एकही जण वीणेला हात लावू शकत नव्हता. हे बुवांना कोणी सांगायचं, म्हणून सगळे विनेशकडे पाहू लागले, आणि विनेश आपल्या पायांकडे.

बुवांना ते आपणहून उमगायला थोडा वेळ लागला.

"पांडुरंगा," ते हळूच म्हणाले. अंगठा मात्र थांबला नाही.