भोपळी टेकडीला आणायला गेलो तेव्हा

चराईबंदीच्या चौथ्या उन्हाळ्यात आमच्या कुसळवाडीची भोपळी टेकडी उठली आणि शेजारच्या हिवरगव्हाणात राहायला गेली.

जाताना तिने आपले सगळे सामान नेले. पाणी मुरवायला अंगावर खोदलेले समतल चर नेले, चरांच्या कडेची करंज आणि सीताफळाची रोपे नेली, ओघळींतले दगडी बांध नेले. मागे राहिली एक सपाट, फिकट जागा आणि 'चराई बंद, कुऱ्हाड बंद' असा सिमेंटचा फलक, कारण तो टेकडीचा नव्हता, पाणलोट प्रकल्पाचा होता. मी गावच्या पाणलोट समितीचा सचिव. ही बातमी गावात सर्वांत आधी मला कळायला हवी होती. ती सर्वांत शेवटी कळली, आणि तीही घरातून. आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोने, रिकामा हंडा माझ्यासमोर ठेवला.

"आड तळाला गेलाय. तुमची टेकडी कुठंय?"

"असेल की जागेवर," मी म्हटले.

"बाहेर येऊन बघा."

बाहेर आलो तर दारातून थेट हिवरगव्हाणाचा मोबाईलचा टॉवर दिसत होता. तो आमच्या दारातून आजवर कधीच दिसला नव्हता. गावचा आड टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि टेकडीत मुरलेले पाणीच त्यात झिरपते. चर खोदायच्या आधी बायका कोरड्या नदीत झरे उकरून वाटीने हंडे भरायच्या. मंडळींनी लग्नानंतरची कितीतरी वर्षे त्यात घालवली होती. आता पाऊस तोंडावर आला होता. तोवर टेकडी परतली नाही, तर तिच्यावरचे सगळे पाणी हिवरगव्हाणात मुरणार आणि आमचा आड पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोरडा ठणठणीत राहणार, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

तज्ज्ञ तरीही आले. प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेचे तांबोळी सर मोटारसायकलवरून आले, सपाट जागेवर चालून पाहिले आणि समितीच्या बैठकीत म्हणाले, "टेकडी गेली असं मला वर कळवता येणार नाही. नकाशात ती इथंच आहे."

"नकाशातली टेकडी पाणी देती का?" शेवंताबाई ढगे यांनी विचारले. त्या समितीच्या अध्यक्ष. चर खोदायला गावातल्या बायकांना घराघरांतून त्यांनीच बाहेर काढले होते.

"तसं नाही हो बाई. अहवालात स्थलांतराचा रकाना आहे, पण तो फक्त माणसांसाठी आहे."

"मग आपण माणसासारखंच करू. रुसून गेलेल्या बाईला आणायला जातात तसं जाऊ. ओटी घेऊन."

यावर बराच खल झाला. भोपळी गावची लेक धरायची की सून, हे ठरेना. लेक म्हणावी तर ती गावाच्या आधीपासून इथे होती. सून म्हणावी तर तिला कुणी आणलेले नव्हते. शेवटी तांबोळी सरांनी सुचवले की नाते नंतर ठरवता येईल, आधी नारळ घ्या. तसा ठराव झाला. एक नारळ, एक खण आणि गहू घेऊन शेवंताबाई, मी आणि समितीचे दोन सदस्य निघालो. सर नको म्हणत असतानाही बरोबर आले.

हिवरगव्हाणाचे सरपंच भानुदास मोकाटे यांनी आम्हाला चहा पाजला. "आम्ही तिला फूस लावली नाही," ते म्हणाले, "हे आधीच सांगून ठेवतो. आपल्या पायांनी आली. शाळेच्या मागं मोकळी जागा होती, तिथं बसली. आम्ही बाईमाणूस समजून काही विचारलं नाही."

ते आम्हाला शाळेमागे घेऊन गेले. भोपळी तिथे ऐसपैस बसली होती. बरी दिसत होती. पण तिच्या अंगाखांद्यावर शेळ्या चरत होत्या! चार वर्षे जिच्यावर आम्ही जाणूनबुजून एक खूर पडू दिला नव्हता, तिच्या माथ्यावर एक काळी शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहून करंज ओरबाडत होती.

"चराई चाललीय," तांबोळी सर खालच्या आवाजात म्हणाले. "हे कुणी पाहू नका."

शेळ्यांची मालकीण धोंडाई कोळपे चरात पाय सोडून बसली होती. पूर्वी ती आमच्याच गावात राहायची. चराईबंदी लागली तेव्हा जित्राब दावणीला बांधून खाऊ घालण्याइतका चारा सगळ्यांकडे होता, तिच्याकडे नव्हता. तिच्या शेळ्या दोनदा टेकडीवर सापडल्या, समितीने दोन्ही वेळा ठरावाप्रमाणे त्या कोंडवाड्यात घातल्या. मग एक दिवस ती सगळा कळप घेऊन निघून गेली. बंदी शंभर टक्के यशस्वी झाली असे तेव्हा आम्ही कळवले होते.

शेवंताबाईंनी पदर सावरला आणि टेकडीकडे वळून म्हणाल्या, "भोपळे, चल बाई घरी. आमचं काय चुकलं असंल तर पोटात घाल."

"चुकलं न्हाई," टेकडी म्हणाली. "तुमी माजं लई केलं. पण करून झाल्यावर कुनी आलं का माज्याकडं? दाराला कडी घालून गेल्यावानी गेलात. पावने यायचे, त्ये बी फोटोपुरते."

"रोपं जगावीत म्हणून बंदी होती," मी म्हटले. "नियमच तसा होता."

"रोपं जगली की. मी एकटी पडले. ह्या धोंडाईची मला सवय. ती सांजचं गानं म्हनायची, शेळ्या अंगावर लोळायच्या. ती गेली तवा मी वर्सभर दम काढला. मग म्हटलं, जाऊन तरी बघावं."

मी घाईघाईने प्रस्ताव मांडला. टेकडीचे चार भाग करू, एका वेळी एक भाग चराईला उघडू, बाकीचे तीन वाढू देऊ. सरांनीही मान डोलावली. असे पुष्कळ ठिकाणी करतात आणि त्याला रकानाही आहे.

"मला चालंल," टेकडी म्हणाली. "हिला इचारा."

धोंडाई उठलीच नाही. "मी न्हाई यायची. इथं शाळेमागं जागा दिलीय लोकांनी."

"अगं, आड आटलाय गावचा," शेवंताबाई कळवळून म्हणाल्या.

"आटू दे की. टेकडी गेली तर नारळ घिऊन आलात. मी गेले तवा कोन आलं हुतं?"

मला त्या क्षणी फार वाईट वाटले, आणि भीतीही वाटली, कारण तिच्या म्हणण्यात खोड काढायला जागा नव्हती. शेवंताबाईंच्या हातातली ओटी तशीच होती. त्यांनी एकदा टेकडीकडे पाहिले, एकदा धोंडाईकडे.

"तिलाच भरा," टेकडी म्हणाली. "मला नारळाचं काय करायचंय?"

शेवंताबाई चरात उतरल्या. धोंडाईने आधी मान फिरवली. मग पुष्कळ वेळाने पदर पसरला, आणि ओटी भरताना दोघींच्या डोळ्यांना पाणी आले. मोकाट्यांनी मात्र स्पष्ट सांगितले की पोरांना टेकडीची सवय झाली आहे, शाळेची सहल दरवर्षी तिच्यावर यायला हवी. आम्ही कबूल झालो.

परतताना पुढे शेळ्या, मागे धोंडाई, तिच्यामागे शेळ्यांच्या चालीने टेकडी आणि सर्वांत शेवटी मी. एखादा बांध सांडतो की काय या काळजीने माझी नजर हलत नव्हती. टेकडी आपल्या जागेवर बसली, थोडी इकडे-तिकडे सरकली आणि दारातला टॉवर झाकला गेला. तिसऱ्या दिवशी आडात पाणी दिसू लागले. माझ्या जिवात जीव आला.

आषाढ लागल्यावर धोंडाई समितीकडे आली. लेकीचे बाळंतपण होते, पंधरवडाभर तिकडे जायचे होते. शेवंताबाईंचा चेहरा उतरला. धोंडाईच्या मागे शेळ्या कुणी वळायच्या, यावर बैठक झाली. चराईचे नियम तोंडपाठ असलेला माणूस हवा, म्हणून ठराव माझ्या नावाने झाला.

आज मी टेकडीवर बसलो आहे. हातात काठी आहे. गाणे मला एकच येते, ते म्हणून झाले.

"धोंडाई कदी येती?" टेकडीने मघाशी विचारले.

"पंधरवड्यानं."

"आन् न्हाई आली तर?"

"येईल. लेक बाळंत होईल, मग येईल."

"माजं चित्त लागंना," टेकडी म्हणाली. "जरा नाल्यापोतूर जाऊन वाट बघते."

"नको गं. इथनंच बघ."

"बघूनच येते."

माझ्याखालची जमीन हलली. शेळ्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा चरू लागल्या. खाली आडावर आमची मंडळी पाणी शेंदत होती. तिने वर पाहिले, दोर हातात तसाच धरून.

"अहो, कुठं निघालात?"

मी दोन्ही हात तोंडाशी धरून जिवाच्या आकांताने ओरडलो, "तू आधी हंडा भरून घे!"