चिपाडांच्या राखेचा ओटा

सुरतेतल्या डिंडोलीच्या घरावर वरची खोली चढवायची होती आणि तिचा स्लॅब गजेंद्रने टाकावा की छगन मिस्त्रीने, यावर घरात दोन तट पडले होते. गजेंद्र स्थापत्य-पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होता. उसाच्या चिपाडांची राख काही प्रमाणात सिमेंटऐवजी चालते, हे तो जेवताना सांगे आणि जेवण झाल्यावरही सांगे. जन्म यंत्रमागावर काढलेल्या मगनरावांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, अखेर तोड काढली : आधी दारापुढचा ओटा कर; तो साधला तर स्लॅब तुझा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गजेंद्रची बहीण योगिता माहेरी यायची होती आणि तिला पोचवायला तिचे सासरे वाल्मिकराव येणार होते. त्याआधी ओटा व्हायलाच हवा. घाईने गजेंद्रने बारडोलीकडच्या एका गुऱ्हाळामागून राखेचे पोते आणले. त्यातली अर्धी जळालेली, रसाने चिकट चिपाडे त्याने चाळून काढली. गोडवा मात्र चाळणीतून खाली उतरला. साखरेमुळे सिमेंट घट्ट व्हायला उशीर लागतो, ही माहिती पुस्तकात पुढच्या प्रकरणात होती.

ओटा वरून सुकला, आत घट्ट होईना. आखाजीच्या सकाळी त्यावर मुंग्यांची रांग लागली. मगनराव रांगेपाशी उकिडवे बसले.

“गज्या, हाऊ वटा शे का चिक्की?”

व्याह्यांसमोर शोभा नको म्हणून गजेंद्रच्या आईने, सरलाबाईंनी, मुंग्या झाडल्या, वर नवी सतरंजी अंथरली आणि तिथे कोणी बसायचे नाही असे घरात सर्वांना बजावले. वाल्मिकराव तेव्हा रिक्षात होते. उतरताच त्यांना सतरंजी दिसली. ती आपल्याचसाठी, असे मानून ते भारदस्त गृहस्थ ऐसपैस टेकले आणि सावकाश खाली गेले. सरलाबाईंनी चहा पुढे केला. त्यांनी चहा संपवला.

“सुरतमा वटाले बी गादी ऱ्हास का, व्याही?”

ते उठले, तेव्हा सतरंजीही त्यांच्याबरोबर उठली. योगिता तोंडाला पदर लावून आत पळाली. मगनराव हात जोडून माफी मागत राहिले आणि त्यांचाच आखूड लेंगा घालून वाल्मिकराव सर्वांत जास्त हसले.

पाहुणे परतल्यावर, आठवड्याच्या सुट्टीला, मगनराव पहार घेऊन ओटा फोडायला निघाले. पहार उसळून परत आली. साखरेने उशीर केला होता, नकार दिला नव्हता. घाव घालून दमलेले मगनराव नाइलाजाने व्याह्यांच्या खळग्यात टेकले. पाठीला आराम वाटला. पण खळगा रुंद, हे किडकिडीत, त्यामुळे एका बाजूला कलले. जरा सरकून पाहिले, तरी कललेच.

गजेंद्र दारात अपराध्यासारखा उभा होता.

“स्लॅब छगनच टाकी,” मगनराव म्हणाले. “पन याना बाजूले आखो एक वटा कर. तीच राख लई ये. आनि वला शे तव माले हाक मार, मी बठसू.”