नमुना नऊ, रकाना चार

ज्याने कोणी नमुना नऊ आपल्या भाषेत आणला, त्याने जन्मात ट्रेलर पाहिलेला नाही, हा आमचा उघड आरोप आहे. त्याच्या वरच्याने न वाचता सही ठोकली, हा दुसरा. आणि या दोघांच्या वर जो बसला आहे, तो हे सगळं जाणून बढती घेऊन मोकळा झाला, हा तिसरा. नाव घेत नाही. ज्याचं त्याला कळेल, आणि कळूनही तो चहा ढवळत बसेल.

प्रकरण साधं होतं. होड्या बांधणाऱ्या एका मिस्त्रीने धाकट्या बहिणीसाठी नवी होडी बांधली. बहीण धरणाच्या पाण्यावर माणसं या काठावरून त्या काठावर पोचवते. तिची जुनी होडी तळाला चिरली होती. नवी होडी ट्रेलरवर घालून, जीपमागे जोडून तिच्यापर्यंत न्यायची, एवढंच काम. त्याला परवाना लागतो, आणि परवान्याचा अर्ज म्हणजे नमुना नऊ.

ट्रेलरच्या पुढच्या टोकाला एक दांडा असतो, तो जीपच्या हुकावर टेकतो. मिस्त्री त्याला दांडाच म्हणतो. परदेशी पुस्तकात त्याला जीभ म्हटलंय, आणि नमुना नऊवाल्याने पुस्तकातून जीभच उचलली. हा दांडा हुकावर किती भार टाकतो ते मोजावं लागतं. भार कमी पडला तर ट्रेलर मागे झोकांड्या खातो. जास्त झाला तर जीपचं बूड खाली बसतं. एकूण वजनाचा दहावा हिस्सा असला की झकास. मिस्त्रीने घरातला वजनकाटा आणला, ज्यावर रोज सकाळी उभी राहून त्याची बायको काट्यालाच शिव्या घालते. काट्यावर लाकडी ठोकळा ठेवला, ठोकळ्यावर दांडा टेकवला, होडी वीतभर पुढे सरकवली. ट्रेलर होडीसकट आठशे किलो, दांड्यावर बरोबर ऐंशी. दहा मिनिटांत हात धुऊन तो कचेरीत हजर.

नमुना नऊमध्ये रकाना एक, अर्जदाराचे नाव. दोन, वय. तीन, वजन. चार, जिभेचे वजन. 'वाहनाचा तपशील' हा मथळा छपाईत घसरून पुढच्या पानावर गेला होता. मिस्त्रीने तीनमध्ये आठशे लिहिलं, चारमध्ये ऐंशी.

खिडकीवरच्या बाईंनी चष्म्यावरून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आठशे किलो?"

"हो, बाई."

"तुम्ही?"

"मी नाही, ट्रेलर. तो काय, अंगणात उभा आहे. खिडकीतून दिसतोय."

"खिडकीतून बघायचं काम माझ्याकडे नाही. इथे अर्जदार लिहिलंय. अर्ज ट्रेलरने केलाय का?"

मिस्त्रीने घसा ताणून तीनदा सांगितलं, ट्रेलर आठशे, दांड्यावर ऐंशी. त्याच्या मागे वीस-पंचवीस जण रांगेत होते. सगळे ट्रेलरवाले. दांडा काय आणि जीभ काय, प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळ्यांनी एकदम आपापले मोबाईल काढले आणि त्यात काहीतरी फार महत्त्वाचं सापडल्यासारखं केलं.

बाईंनी त्याला साहेबांकडे पाठवलं. साहेब सज्जन होते. त्यांनी नियमावली उघडली आणि शांतपणे वाचली. "जिभेचे वजन एकूण वजनाच्या दहा टक्के असावे. कमी असल्यास भरकटण्याचा धोका. जास्त असल्यास मागील भाग खाली बसतो." एवढं वाचून साहेब खुर्चीत जरा सावरून बसले. अकरा वर्षं त्यांचा मागील भाग तिथून उठला नव्हता, तेव्हा त्यांची जीभ भरपूर जड असावी.

"तुमचं वजन किती हो, मिस्त्री?"

"चौसष्ट."

"म्हणजे जीभ हवी सहा किलो चारशे ग्रॅम. डॉक्टरांचा दाखला आणा."

"साहेब, हे ट्रेलरच्या जिभेबद्दल आहे."

"ट्रेलरला जीभ असते?" साहेब हसले. "आम्ही इथे बसतो म्हणून आम्हाला काही कळत नाही, असं समजू नका."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टॉर्च मारून जीभ पाहिली, 'आ' म्हणायला लावलं आणि लिहून दिलं: जीभ गुलाबी, अंदाजे सत्तर ग्रॅम. साहेबांनी 'अंदाजे' खाली लाल रेघ ओढली. नियमात पुढे होतं: मोजताना जीभ मूळ वाहनापासून विलग करावी.

"विलग म्हणजे?" मिस्त्रीने विचारलं, आणि हात नकळत तोंडावर गेला.

"घाबरू नका. मोजून झाली की परत जोडायची. नियमात तसं लिहिलंय, 'पुनश्च जोडून खीळ घालावी'."

तेवढ्यात मिस्त्रीचा फोन वाजला. धाकटी होती.

"दादा, निघालास का?"

"जिभेचं अडलंय गं."

"तुझी कधी अडली होती? हे बघ, मी एका हाताने वल्हवतेय आणि दुसऱ्या हाताने पाणी उपसतेय. तिसरा असता तर तुझ्या साहेबांना पत्र लिहिलं असतं. आज गुडघ्यापर्यंत आलं होतं. होडीत नऊ माणसं होती, दादा."

मिस्त्रीने फोन खिशात घातला. मग म्हणाला, "साहेब, काहीही करा, पण आज सोडा."

साहेबांना दया आली. दयेसाठी नियमावलीत पोटकलम होतंच. जीभ हलकी असली तर भरकटण्याचा धोका. पण जीभ वापरलीच नाही, तर भरकटणार कशी? रकाना चारमध्ये 'शून्य' लिहावं, आणि मुक्कामी पोचेपर्यंत अर्जदाराने बोलून, लिहून किंवा खुणेने काहीही व्यक्त करू नये. केल्यास होडी जप्त.

"चालेल?"

मिस्त्री "हो" म्हणणार होता. साहेबांनी बोट ओठांवर ठेवलं. सही झालेली होती.

त्याने जीप काढली. कचेरीच्या फाटकाबाहेरच तपासणी नाका. मागोमाग रांगेतली मंडळीही आपापले ट्रेलर घेऊन आली. एव्हाना सगळ्यांनी शहाणपणाने रकाना चारमध्ये शून्य लिहून टाकलं होतं आणि सगळे गप्प होते. इतका शिस्तशीर ताफा त्या रस्त्याने कधी पाहिला नव्हता.

आणि नाक्यावर, आमच्या दुर्दैवाने, एक शहाणा माणूस नेमलेला होता. नाकेदार. पूर्वी त्याने ट्रेलर चालवले होते. त्याने परवाना वाचला, वाकला, दांड्याला हात घातला.

"जिभेचं वजन शून्य? काका, शून्य असेल तर पहिल्या उतारावर होडी जीपला ओलांडून पुढे जाईल. पण हा तर मला हलत नाहीये." तो सरळ उभा राहिला. "होडी छान लावलीत. कागदावर भलतंच लिहिलंय, बाकी काही नाही. खरा आकडा सांगा, मी इथल्या इथे दुरुस्त करतो आणि सोडतो."

मिस्त्रीने तोंड उघडलं. मग मिटलं. सकाळपासून पहिल्यांदा कोणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता, त्याला उत्तर पाठ होतं, आणि ते दिलं की होडी जप्त होती. त्याने मागे वळून ताफ्याकडे पाहिलं. खूण केली नाही. खुणेला बंदी होती. नुसतं पाहिलं.

खिशात फोन वाजू लागला. वाजला, थांबला, परत वाजला.

"कोणी सांगेल का?" नाकेदाराने मागच्या गाड्यांना विचारलं. "एक आकडा हवाय फक्त."

मिस्त्रीने खिडकीपाशी तीनदा घसा ताणून 'ऐंशी' म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. कोणीतरी मागून हॉर्न वाजवला. कोणीतरी काच वर केली.

होडी अजून नाक्यावर आहे. धाकटी अजून पाणी उपसते आहे.

तिसऱ्या गाडीत तुम्ही होतात. काच वर केलीत ती तुम्हीच. 'ऐंशी' या शब्दात अक्षरं दोन, आणि तुमच्या परवान्यावर शून्य लिहिलं ते तुमच्याच हाताने. तेव्हा साहेबांचं आम्ही पाहून घेऊ, आधी तुम्ही सांगा: तुमच्या जिभेचं खरं वजन किती?

उत्तर हवं आहे. तोंडी.