फॉलो करण्याजोगा बाक

बिस्किटांच्या कारखान्यातल्या नव्या मॅनेजर मॅडमनी सोमवारच्या मिटिंगमध्ये एक टूम काढली. दर आठवड्याला प्रत्येकाने फॉलो करण्याजोगं एक आवडतं अकाउंट बाकीच्यांना सुचवायचं. त्याने ओळख वाढेल, वातावरण मोकळं होईल, असं त्यांचं म्हणणं. भट्टीवाल्याने लगेच मांजरांचं एक अकाउंट सुचवलं, पॅकिंगच्या ताईंनी जुनी कपाटं रंगवणाऱ्या बाईंचं. खात्रीरावांनी मात्र "पुढच्या सोमवारी सांगतो" म्हणून वेळ मारून नेली.

खात्रीराव पाकिटांची सीलं तपासत. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतंच उरलं होतं. तपासलेलं पाकीट पुन्हा एकदा ओढून बघितल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन नसे आणि घरी आल्यावरही हात थांबत नसत. बायको शाळेत ग्रंथपाल होती, शाळा कारखान्याच्या वाटेवरच, त्यामुळे सकाळी दोघं बरोबरच निघत. कुलूप लावायचं, ओढायचं, जिना उतरायचा, आणि खाली पोचलं की शंकेची पाल चुकचुकायची. मग हे परत वर. बायको तोवर इमारतीसमोरच्या बाकावर बसून राही. दवाखाना म्हणू नका, बँक म्हणू नका, जिथे जावं तिथे तिच्या वाट्याला एक बाक ठरलेला.

त्यातून मुख्य तपासनीसाची जागा नुकतीच रिकामी झाली होती आणि खात्रीरावांचा त्या जागेवर फार दिवसांपासून डोळा होता. नाव ठरवणार मॅडम. अशा वेळी ही टूम निघते, हे काही साधं प्रकरण नव्हतं.

"माणसाचं मन उघडून बघायची युक्ती आहे ही," ते घरी बायकोला म्हणाले. "मांजरं सुचवली की माणूस आळशी. कपाटं सुचवली की बाहेर जोडधंदा करतो."

"मग तुम्ही काय सुचवणार?"

"ज्यातून माझ्याबद्दल काही म्हणता काही कळणार नाही, असं."

बायको भाजी निवडता निवडता थांबली. "एक आहे. बाकांचं."

"कसल्या बाकांचं?"

"बसायच्या."

अकाउंटचं नाव होतं 'रिकामा बाक'. दर फोटोत एक बाक आणि खाली एखादाच शब्द. 'कुलूप.' 'गॅस.' 'पुन्हा कुलूप.' राजकारण नाही, भांडण नाही, माणूस तर औषधालाही नाही.

"कवी दिसतोय कोणीतरी," खात्रीराव म्हणाले. "चालवतं कोण हे?"

"असेल कोणी रिकामटेकडं," बायको म्हणाली आणि पुन्हा भाजीत शिरली.

पुढच्या सोमवारी त्यांनी छाती पुढे काढून बाकांची शिफारस केली. सगळ्यांनी तिथल्या तिथे फॉलो केलं. मॅडम हसल्या. ते हसणं खात्रीरावांनी मनात नोंदवून ठेवलं.

दोन दिवस बरे गेले. मग भट्टीवाला जाता जाता म्हणाला, "काका, आज नळ नीट बंद झाला ना?"

खात्रीरावांच्या हातातलं पाकीट निसटलं. त्या सकाळी ते खरोखरच नळ बघायला परत वर गेले होते. आडोशाला जाऊन त्यांनी फोन उघडला. सकाळचाच फोटो होता, खाली लिहिलं होतं, 'नळ.' ते मागे मागे जात राहिले. दवाखान्याला गेले त्या दिवशी 'खिडकी.' एका बाकावर तर चक्क त्यांचीच पिशवी होती, चेनला दोन कुलपं लावलेली, कारखान्यात सगळ्यांच्या ओळखीची. आपल्यावर कोणीतरी पाळत ठेवून आहे, आणि तेही कारखान्यातलंच.

त्यानंतर ते आत आले की हसणं थांबायचं आणि गेले की पुन्हा सुरू व्हायचं. भट्टीवाला हेर, ताई त्याला सामील, असा त्यांनी हिशेब मांडला. जगात फक्त एका माणसाची त्यांनी कधीच तपासणी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिलाच त्यांनी विश्वासात घेतलं.

"तू इथेच बाकावर बस आणि चहूकडे नजर ठेव. कोणी फोटो काढताना दिसलं तर ध्यानात ठेव. मी वर जाऊन कुलूप बघून येतो."

"बरं," बायको म्हणाली.

ते कारखान्यात पोचेपर्यंत नवा फोटो आला होता. खाली शब्द होता, 'पाळत.'

आता मात्र डोक्यावरून पाणी गेलं. खात्रीराव तडक मॅडमच्या केबिनमध्ये शिरले.

"मॅडम, या जागेसाठी कोणीतरी माझ्या मागे माणूस लावलाय. हा बघा पुरावा."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि पिशवी नीट दिसावी म्हणून फोटो बोटांनी मोठा केला. पिशवीच्या खाली, फोटोच्या अगदी कोपऱ्यात, एका चपलेचं टोक आलं होतं. अंगठा तांब्याच्या तारेने बांधलेला. चांभार बायकोची चप्पल बदलून देईल या भीतीने ती तार त्यांनी स्वतःच्या हाताने गुंडाळली होती.

त्यांनी दुसरा फोटो मोठा केला. तिसरा केला. तार सगळीकडे होती.

"पुढे?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. माझा गैरसमज झाला असेल," खात्रीराव म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून बहुधा पहिल्यांदाच बाहेर पडलं असावं.

"बसा. नाव तुमचंच ठरलंय," मॅडम म्हणाल्या. "फोटो कोण काढतं ते सगळ्यांच्या केव्हाच लक्षात आलंय. ज्या माणसाच्या बायकोचं इतक्या बाकांवर बसून झालंय, त्याच्या हाताखालून फुटकं पाकीट जाईल असं मला वाटत नाही."

संध्याकाळी त्यांनी बायकोला बढतीची बातमी सांगितली आणि मग हळूच म्हटलं, "मला सांगायचं तरी होतंस."

"तुम्ही तपासनीस. म्हटलं, सापडेल."

त्यांना लाज वाटली, आणि थोडं बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरल्यावर पाल चुकचुकलीच. पण खात्रीराव वर गेले नाहीत. बायकोच्या शेजारी बाकावर जाऊन बसले.

"जात नाही?"

"नाही. लावलंय म्हणजे लावलंय."

बायकोने त्यांच्याकडे निरखून बघितलं. मग ती चुळबुळ करायला लागली. "अहो, मी इस्त्री बंद केली होती का?"

"केली असशील."

"असशील म्हणजे काय? थांबा, आलेच मी."

ती लगबगीने जिना चढून गेली. खात्रीराव बसून राहिले. बाकाची फळी मधोमध खचली होती आणि एक खिळा बरोबर मांडीला टोचत होता. हे इतक्या वर्षांत तिने कधी सांगितलं नव्हतं. शेवटी त्यांनी फोन काढला, शेजारच्या रिकाम्या जागेचा फोटो घेतला आणि 'इस्त्री' असं लिहून तिला पाठवला.

गेला की नाही ते त्यांनी बघितलं. मग पुन्हा एकदा बघितलं.