तिसरी दोरी

आण्णांचं पत्र येऊन सात महिने झाले होते. माधवरावांनी त्याचं उत्तर अकरा वेळा लिहिलं आणि अकराही वेळा कुठल्या ना कुठल्या पुस्तकात ठेवून दिलं. निवृत्त ग्रंथपालाच्या घरात पुस्तकांना तोटा नव्हता.

पत्रात एवढंच होतं: "माझा खांदा गेला. आमच्या चर्चच्या तीन घंटांपैकी तिसरीची दोरी तुम्ही ओढाल काय? मोजता आलं की झालं. नाही म्हणालात तर दोरी कायमची गुंडाळून ठेवायला सांगतो."

आपण त्या धर्माचे नाही, ताल येत नाही, हात कापतात. दर उत्तरात नवी अडचण. शेवटी एका रविवारी ते तोंडीच नकार द्यायला निघाले. आण्णांसमोर धीर झाला नसता, म्हणून थेट चर्चमध्ये, शालूबाईंकडे. त्या दोन हातांनी दोन घंटा वाजवत.

"आण्णांनी सांगिटलेलं पावणं तुमीच न्हवं का?" शालूबाईंनी दोरी त्यांच्या हातात दिलीच. "माझ्या दोन झाल्या की तुमची एक. घंटा हलक्या हायत. दोन बोटांत धरा नि अलगद वढा. म्हशीगत वढू नगासा."

नाही म्हणायला माधवरावांनी तोंड उघडलं, तोवर दोन घंटा वाजल्या होत्या. त्यांनी घाबरून दोरी ओढली. बरोबर पडली का, याचा विचार करताना पुढची पाळी हुकली.

"एकट्यानं वढून बघा जरा, हात बसंल. मी फुलं ठिवून येतो," म्हणत शालूबाई आत गेल्या.

माधवराव एकदा ओढत, चुकलं का ते मनात तपासत, मग पुन्हा ओढत. त्या गल्लीत एकच घंटा अशी थांबून थांबून वाजली की कुणीतरी गेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

समोरच्या डेअरीतल्या हंबीररावांनी दुधाचं माप खाली ठेवलं. गल्लीत आजारी म्हणजे आण्णाच, तेच गेले असणार. ते हार घेऊन निघाले आणि गल्लीच्या तोंडाशीच त्यांना आण्णा भेटले. पांढरा सदरा, गळ्यात हात अडकवलेला, लगबगीनं येणारे.

"हंबीरराव, कोण गेलं?"

"तुमीच की, आण्णा."

"मला कुणी बोललं न्हाय."

हंबीरराव हाराकडे बघत राहिले.

"आणलाय तर घाला आता," आण्णा म्हणाले.

हार घातलेले आण्णा दारात दिसले तेव्हा माधवरावांच्या हातून दोरी सुटली.

"आण्णा, मी खरं तर नाही म्हणायला आलो होतो."

"सात महिनं गप्प बसलासा, नि आलासा ते मला मारायलाच?" आण्णांनी वर घंटेकडे बघितलं. "पर येताना मनात आलं, कोण गेलंय ते ठाव न्हाय, पर वाजवणाऱ्याला लई वाईट वाटाय लागलंय."

"वाईट नव्हतं वाटत. भीती वाटत होती."

"लांबनं दोन्ही सारखंच ऐकू येतंय. काय असंल ते लेखी कळवा. पत्राला तोंडी उत्तर मी घेत न्हाय."

दुपारी माधवरावांनी बारावं उत्तर लिहिलं. "दोरी गुंडाळू नका. रविवारी येतो." आण्णांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं, तरी पाकिटाला तिकीट लावलं. पोस्टाच्या पेटीपाशी ते पाकीट मुठीत आवळून बराच वेळ उभे होते. मग त्यांनी मूठ सैल केली, पाकीट दोन बोटांत धरलं आणि अलगद सोडलं.