कलिंगडाला पाऊण तास

पोहण्याच्या तलावाजवळ मुलांच्या जिवाला मुख्य धोका असतो तो जेवणाचा. पाण्याचा नंबर बराच नंतर लागतो. इटलीतल्या बारी शहराबाहेरच्या आमच्या सोसायटीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, कारण भोगावं त्यालाच लागतं.

जेवलेलं मूल पाण्यात शिरलं की पचन थांबतं आणि मूल जागीच आटोपतं. म्हणून फळ खाल्लं तर एक तास, पास्ता खाल्ला तर दोन, आणि चीज घातलेलं वांगं असेल तर तीन तास काठावर बसून राहायचं. (असं कुणी दगावल्याचं आमच्या ऐकिवात नाही. नियम किती चोख पाळला जातो, याचा हा पुरावाच.)

यंदा उन्हाळ्याच्या सभेत कलिंगडाचा प्रश्न निघाला. कलिंगड हे अन्न की पाणी? आमचे सेक्रेटरी कोसिमो हे आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलेले भारदस्त गृहस्थ. ते म्हणाले, गर अन्न आहे, रस पाणी आहे, तेव्हा अर्धा तास पुरे.

अद्दोलोराता आजी उसळल्या. "अर्धा? आणि बिया काय तुम्ही येऊन पचवणार?"

तेवढ्यात तळमजल्यावरची लोरेदाना उभी राहिली. तिची मिरेल्ला तीन वर्षांची. "काका, तलावाच्या फाटकाची कडी लागत नाही. नुसतं ढकललं तरी उघडतं. पोरगी दिवसभर तिथेच घुटमळते हो."

"बाई, कलिंगड चालू आहे," कोसिमो म्हणाले.

बऱ्याच वादानंतर पाऊण तासावर तडजोड झाली. कडी पुढच्या सभेवर गेली.

ऑगस्टच्या मध्यावर येणाऱ्या सणाला सगळी सोसायटी अंगणात जेवली. मग मुलांना फाटकाबाहेर ओळीनं बसवलं. कुणाच्या पोटात काय आहे आणि ते कधी जिरेल, हे आजींना तोंडपाठ होतं. मुलांची इतकी काळजी घेणारी माणसं जगात दुसरीकडे नसतील. लोरेदाना कॉफी आणायला घरात निघाली. "हिच्याकडे बघा हं जरा," ती म्हणाली.

"जा गं, एवढे सगळे बघतोय की," आम्ही म्हणालो, आणि वरच्या मजल्यावरच्या रोक्कोकडे वळलो. गार पास्ता लवकर पचतो, असं घातक मत तो मुलांदेखत मांडत होता.

मिरेल्ला त्या दिवशी जेवलीच नव्हती. तिला ओळीत बसवायचा प्रश्नच नव्हता. तिनं फाटक ढकललं.

आवाज असा काही झालाच नाही. लोरेदाना कॉफीचा ट्रे घेऊन आली, तिनं पाण्याकडे पाहिलं, ट्रे टाकला आणि कपड्यांसकट उडी मारली. पोरगी वर आली ती निळी पडलेली. खोकली, ओकली, मग रडली. ते रडणं ऐकून माझ्या जिवात जीव आला.

आजींनी सर्वांत आधी महत्त्वाचं विचारलं. "काय खाल्लं होतं हिनं?"

"काहीच नाही." लोरेदाना तिला टॉवेलात गुंडाळत होती.

"मग घाबरायचं कारण नव्हतं," आजी म्हणाल्या. सगळ्यांना हायसं वाटलं.

सोसायटीनं ताबडतोब कारवाई केली. पोहण्याची टोपी न घालता तलावात उतरल्याबद्दल लोरेदानाला समज देण्यात आली. (पहिलाच गुन्हा, म्हणून सौम्य शब्दांत.) दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच साखळी आणून फाटक बांधून टाकलं. परवानगी घेतली नाही. त्यावर आता सभा होणार आहे.

त्या दुपारी नेमकं कोण बघत होतं, याची मी आपली सहज चौकशी केली. आजींना वाटलं, कोसिमो बघतायत. कोसिमोंना वाटलं, रोक्को. रोक्कोला वाटलं, मी. मला वाटलं, एवढी माणसं आहेत, कुणीतरी असेलच.

तुम्हाला हसू आलं असेल. येऊ दे. तुम्ही निवांत वाचत बसलात, म्हणजे तुमच्या घरातल्या पोराकडे दुसरं कुणीतरी बघत असणार. एकदा आत हाक मारून विचारा. त्यांना वाटतंय, तुम्ही बघताय.