दत्तूअण्णांचा विराम

दत्तूअण्णा वाण्याकडे जाऊन "अर्धा किलो…" म्हणतात आणि थांबतात. दोन श्वास जातात. वाण्याचा हात डाळीकडून साखरेकडे, साखरेकडून डाळीकडे फिरत राहतो. मग अण्णा शांतपणे म्हणतात, "…पोहे."

हा विराम त्यांनी एका थोर नाटककाराकडून उचललाय. अण्णा एसटीतून निवृत्त झालेले, पण कोल्हापुरातल्या हौशी नाटकांत चाळीस वर्षं प्रॉम्प्टर. त्या नाटककाराची सगळी नाटकं त्यांना विंगेत बसून पाठ झालीत. त्याला ते नुसतं 'नाटककार' म्हणतात. बाकीचे सगळे 'लिहिणारी माणसं'. मी त्या बाकीच्यांतही शेवटचा.

मी हायस्कुलात मराठी शिकवतो. स्पर्धेसाठी नाटक लिहिलं आणि कौतुक ऐकायच्या तयारीनं अण्णांना दिलं. त्यात बायको घर सोडून जाते आणि नायक एकटाच दीड पान बोलतो. 'ज्वालामुखी' हा शब्द तीनदा येतो.

तालमीत अण्णांनी ते दीड पान शिसपेन्सिलीनं आडवं कापलं आणि खाली लिहिलं, 'पंखा लई आवाज करतोय…'

"अण्णा, त्याचं दुःख कुठं गेलं?"

"त्या टिंबांत हाय की. नाटककारांचं माणूस दुःखावर बोलत न्हाई सर, पंख्यावर बोलतंय. वाक्य अर्धं सोडतंय. उरलेलं बघणारा पुरं करतोय. तुम्ही समद्यांचं तुम्हीच बोलून टाकताय."

"पण लोकांना कळायला नको?"

"बायको गेली ती गेली, वर प्रेक्षक कशाला घालवताय?"

मी रविवारी सकाळी ज्वालामुखीसकट नवी प्रत घेऊन त्यांच्या घरी गेलो. भांडायलाच.

खुर्चीत त्यांच्या पत्नी, सुमनकाकी, बसल्या होत्या. अर्धांगवायूनं दोन वर्षांपूर्वी त्यांची वाचा गेली आणि आता कुठं एखाददुसरा शब्द येतो, हे मला तेव्हा कळलं. तालमीत अण्णा याबद्दल कधी बोललेच नव्हते.

माझ्याकडे बघून काकी म्हणाल्या, "पा…" आणि अडकल्या.

शांतता मला सोसत नाही. वर्गात पोरांची उत्तरंही मीच देऊन टाकतो. "पाणी? पाणी हवंय का?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "पाय दुखतोय? पाट देऊ पायाखाली?" मी उठलोसुद्धा.

अण्णांनी हात धरून मला खाली बसवलं. "थांबा सर. तिचं वाक्य हाय ते. ती म्हणील."

ते काकींच्या समोर स्टुलावर बसले. चाळीस वर्षं दुसऱ्यांना शब्द पुरवलेला माणूस, पण बायकोला शब्द पुरवत नव्हता. नुसता तिच्या ओठांकडे बघत होता, जरासुद्धा घाई न करता. बाहेर भाजीची गाडी आली, ओरडली, निघूनही गेली.

"पाव…ण्यास्नी," काकी म्हणाल्या. मग पुष्कळ वेळानं, "चहा."

"ठेवतो की," म्हणून अण्णा आत गेले. भांडं आपटल्याचा आवाज आला. मग कितीतरी वेळ काहीच नाही. आत जाऊन त्यांना धीर द्यावा म्हणून मी उठलो. काकींनी आपला बरा हात वर करून मला थांबवलं.

मी बसलो. आम्ही दोघं काही न बोलता अण्णांची वाट बघत राहिलो.